हळदकुंकू लावलेली फ्लॉपी

मला राग आला की तो लवकर जात नाही. माय म्हणायची, "या पोरीचा राग म्हंजी उन्हाळ्यातला पत्रा, सांजच्याला बी हात लावू देत नाय." खरं आहे ते. तीस वर्षं झाली, तरी कुणी माझ्यासमोर पत्रिका चांगली जुळली म्हणून पेढा धरला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पत्रिकेवर माझा राग नाही. ज्याला बघायची त्यानं बघावी. आमच्या घरात धम्म घेतल्यापासून पत्रिका नाही, मुहूर्त नाही, तरी सगळ्यांची लग्नं झाली आणि संसारही झाले. माझा राग एका फ्लॉपीवर आहे, ती आणणाऱ्या माणसावर आहे, आणि थोडा माझ्या स्वतःवरही आहे.

तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. वाळूजला तेव्हा दर महिन्याला एखाद्या नव्या कारखान्याचं शेड उभं राहायचं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज पत्रे आणि वॉचमनची खोली. आम्ही पडेगावला राहायचो. मूळ गाव कन्नड तालुक्यातलं. मी लहान होते तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिल्यांदा पेटलं, आणि गावात आमच्या वस्तीला राहणं नको करून सोडलं. दादा, म्हणजे माझे वडील, आम्हाला घेऊन शहरात आले. चिकलठाण्याच्या कारखान्यांमध्ये सहा महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या दारात उभं राहायचं, पुन्हा सहा महिने. चौदा वर्षं असंच. ब्रेकच्या दिवसांत ते नामांतराच्या मोर्च्याला असायचे. दोनदा जेलात गेले, एकदा लाठीनं मनगट मोडून घेतलं. हातात झेंडा असला की मागं हटायचे नाहीत, पण कारखान्याच्या टाइमकीपरसमोर हात जोडून उभे राहायचे. आमच्या घरात 'पर्मनंट' हा शब्द फार जपून उच्चारला जायचा. घरातलं कुणीच कधी पर्मनंट झालं नव्हतं.

मी बीएस्सी केलं. मग औरंगपुऱ्यातल्या एका जिन्यावरच्या क्लासमध्ये सहा महिने कॉम्प्युटर शिकले आणि वाळूजच्या एका कंपनीत लागले. दुचाकीचे सुटे भाग बनवायची ती कंपनी. सहा महिने प्रोबेशन, काम बरं वाटलं तर पर्मनंट, असं पत्रावरच लिहिलेलं होतं. दादांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यातला 'पर्मनंट' हा एक शब्द प्रत्येक वेळी मला बोटानं दाखवायला लावला. मला पर्मनंट व्हायचं होतं, त्याहून जास्त ते दादांना हवं होतं.

अख्ख्या शेडमध्ये कॉम्प्युटर एकच. काचेच्या केबिनमध्ये, एसीत. बाहेर माणसं तेलाच्या वासात आणि उकाड्यात घामाघूम, आणि आत हे यंत्र गारव्यात बसलेलं. आत यायचं तर चपला बाहेर. कारखान्याचे मॅनेजर, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणायचे, तेसुद्धा मोज्यांवर यायचे. तयार झालेल्या प्रत्येक मालाच्या लॉटची मापं मी त्यात भरायची, त्याचा कागद छापायचा, त्यावर इन्स्पेक्शनच्या साहेबांची सही व्हायची, मग गाडी गेटबाहेर. कागद नाही तर गाडी नाही.

मशीन दुरुस्तीला शहागंजचा एक इंजिनिअर यायचा. बोलायला मोकळा, कामाला पक्का. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं, "मॅडम, इसमें क्या-क्या है, सब लिख के रखो. जो लिखा नहीं, वो अंदर नहीं. भार की फ्लॉपी तो बिलकुल नको." भार की म्हणजे बाहेरची. व्हायरस काय असतो तेही त्यानंच समजावलं. एक बारकासा प्रोग्राम, तो दुसऱ्या प्रोग्रामला जाऊन चिकटतो. चिकटला की त्या प्रोग्रामचा आकार वाढतो, सुरुवातीला एवढीच त्याची खूण. म्हणून मी दोनशे पानी वही घातली. मशीनवर जे जे होतं त्याचं नाव आणि त्याचा नेमका आकार, शेवटच्या आकड्यापर्यंत. रोज सकाळी मशीन सुरू केलं की आधी पडद्यावरची यादी आणि वही समोरासमोर धरायची. एक आकडा हलला तरी कळावं. पंधरा-वीस मिनिटं जायची. लोक हसायचे. म्हणायचे, वहीवाली बाई हजेरी घेतीय.

हसू देत. गेम घेऊन येणाऱ्यांना मी दारातूनच परत लावलं. भरती-हजेरी बघणाऱ्या पर्सोनेलवाल्यांनी बाहेरून टाइप करून फ्लॉपीवर पत्रं आणली, तीही तपासल्याशिवाय आत घेतली नाहीत. तपासायची एक फ्लॉपी इंजिनिअरनं मला दिली होती. ती आधी घालायची, मग येणाऱ्या पाव्हण्याची झडती घ्यायची. दोनदा खरोखर घाण सापडली, आणि दोन्ही वेळा मला मनातून फार बरं वाटलं. आपल्या हातात कधी काही नसतं, आणि एकदम एका दाराची कडी आपल्या हातात येते, तेव्हा असं वाटतं. त्यात काही चूक आहे असं मला आजही वाटत नाही.

आता साहेबांबद्दल. इन्स्पेक्शन खात्याचे प्रमुख. खिशात मायक्रोमीटर घालून फिरणारा माणूस. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका फरक असला तरी अख्खा लॉट परत पाठवणारा. त्या बाबतीत मला त्यांच्याबद्दल आदर होता, खोटं कशाला बोलू. त्यांची मुलगी लग्नाची होती. पत्रिका घेऊन गुरुजींच्या दारी खेटे घालून ते कंटाळले होते. अशात कुणीतरी त्यांना पत्रिकेचा प्रोग्राम दिला. जन्मतारीख, वेळ, गाव घातलं की कुंडली छापून मिळते, आणि दोघांचे गुण जुळवूनही मिळतात.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी ते ही फ्लॉपी घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. धुतलेल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली. रुमाल उघडला तर फ्लॉपीच्या काळ्या पाकिटावर हळदकुंकवाची बोटं.

"बाई, ही जरा घाला."

"साहेब, ही वहीत नाही."

"मग लिहून घ्या वहीत."

"आधी तपासते. दोन मिनिटं लागतील."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तपासता? अहो, दसऱ्याच्या पूजेत होती ही. देवाधर्माच्या वस्तूत कुठला आलाय व्हायरस?"

ते थट्टा करत नव्हते. हा इंजिनिअर झालेला माणूस, आणि अगदी मनापासून सांगत होता. मशीनमधून निघालेला प्रत्येक तुकडा मोजल्याशिवाय पुढं सोडायचा नाही, पण देव्हाऱ्यातून निघालेलं बघायचंसुद्धा नाही. त्यांना तपासणीचा रागच आला. जणू मी त्यांच्या देवाची झडती मागितली होती.

"तपासल्याशिवाय नाही घालता येणार, साहेब," मी म्हटलं.

"तुमच्यात पत्रिका बघत नाहीत, ठाऊक आहे मला. म्हणून दुसऱ्याच्या शुभकार्यात आडवं पडायचं का?"

फ्लॉपी पुन्हा रुमालात गेली. त्या दिवशी घरी येऊन मी दादांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "बराबर केलं. नियम म्हंजी नियम." मायनं मात्र भाकरी थापता थापता विचारलं की त्या साहेबाची सही लागती का पर्मनंटला. मी हो म्हटलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

पुढच्या सोमवारी सकाळी मी वही उघडली आणि पहिल्याच ओळीला अडले. आकार वाढलेला. दुसरी ओळ, वाढलेला. एकूण नऊ प्रोग्राम सुजले होते, आणि सगळ्यांत शेवटी एक नवं नाव होतं, पत्रिका. फ्लॉपी घालायच्या फटीच्या तोंडाला कुंकू लागलं होतं. प्रिंटरची नवी रिबन निम्मी झिजली होती. केबिनची दुसरी किल्ली साहेबांकडं असायची. वॉचमननं विचारण्याआधीच सांगितलं, काल सुट्टीचं साहेब पाव्हण्यांना घेऊन आले होते, देवगाव रंगारीहून जीपभरून माणसं, पोरींच्या पत्रिका काढायला.

मी वहीत तारीख घातली, जुना आकार आणि नवा आकार शेजारी शेजारी लिहिले, आणि त्याचीच एक चिठ्ठी करून साहेबांच्या हातात दिली. लिहिलं की इंजिनिअरला आजच बोलवावं लागेल. त्यांनी चिठ्ठी वाचली, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या काचेखाली सरकवली.

"चालतंय ना मशीन?"

"आज चालतंय, साहेब."

"मग झालं."

इंजिनिअरला बोलवायला मोठ्या साहेबांची सही लागायची, आणि सही मागितली की का बोलवायचं ते सांगावं लागणार होतं. साहेबांना तेच नको होतं. पुढचे तीन रविवार केबिनसमोर चपलांचा ढीग. कंपनीत मशीनवर पत्रिका निघते ही बातमी पार अजिंठ्यापर्यंत गेली होती. स्टोअरवाले, कँटीनवाले, पर्सोनेलचे अधिकारी, सगळ्यांनी आपापल्या घरच्यांच्या काढून घेतल्या. दर सोमवारी मी वहीत नवे आकडे लिहायचे. दर सोमवारी चिठ्ठी द्यायचे. आणि दर सोमवारी ती काचेखाली जायची.

चौथ्या आठवड्यात मशीन बसलं. मापांच्या जागी पडद्यावर नुसत्या वाकड्यातिकड्या खुणा. तीन गाड्या माल भरून गेटात उभ्या, आणि ज्या कंपनीला माल जायचा तिथला माणूस मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये घड्याळ बघत बसलेला. सगळ्या कारखान्यात एकच बोंब, व्हायरस आला.

मग जे झालं ते सांगताना हसू यायला पाहिजे, पण मला कधीच आलं नाही. पर्सोनेलच्या अधिकाऱ्यानं आधी केबिन फिनेलनं पुसून घेतली. फ्लॉप्यांच्या डब्यात कापराच्या वड्या टाकल्या. आणि मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का? तुमच्या वस्तीत काही साथ वगैरे?"

मी म्हटलं, "साहेब, हा रोग माणसाचा नाही."

"तरी काळजी घेतलेली बरी. सफाई होईपर्यंत तुम्ही जरा बाहेरच बसा."

त्याच माणसानं दोन आठवड्यांपूर्वी आपल्या भाच्याची पत्रिका त्याच मशीनमधून काढून नेली होती. त्याला कुणी बाहेर बसवलं नाही. मी पॅकिंगच्या खोक्यावर बसून काचेतून बघत राहिले. माझ्या खुर्चीवर फिनेलचं फडकं फिरत होतं. त्या दिवशी मी एखाद्याला चावले कशी नाही, याचंच मला नवल वाटतं.

दुपारी इंजिनिअर आला. अर्ध्या तासात त्यानं बोट ठेवलं. "मॅडम, सब इस पत्रिका के साथ आया. मैं बोल्या था ना, भार का नको. किसने डाला ये?" केबिनच्या दारात आठ-दहा माणसं उभी होती. निम्म्यांच्या घरी त्या पत्रिका होत्या. एकजणही बोलला नाही. साहेब माझ्याकडं बघत होते. बाकीचेही मग माझ्याकडंच बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी दोघांनाही बोलावलं. साहेब आधी बोलले, आणि तयारी करून आल्यासारखे बोलले. बाई संध्याकाळी औरंगपुऱ्यात क्लासला जातात, तिथल्या फ्लॉप्या इकडं येत असणार. शिवाय यांच्या गैरहजेऱ्या बघा, मोर्चा असला की दांडी, बंद असला की दांडी. कामात लक्ष नाही. माझा क्लास नोकरीआधीच संपला होता, आणि बंदच्या दिवशी कंपनीची बसच पडेगावकडं यायची नाही, ते त्यांना चांगलं माहीत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी तिथं समोर बसून ऐकल्या.

मी काही न बोलता वही टेबलावर उघडून ठेवली. मोठे साहेब पानं उलटत गेले. ते बिनडोक नव्हते. चार रविवार आणि चार सोमवार त्यांना लगेच दिसले. त्यांनी विचारलं, "रविवारी तुम्ही आला होतात?"

"कामासाठी आलो होतो," साहेब म्हणाले.

"गेटच्या रजिस्टरला पाव्हणे लिहिलेत."

साहेबांची मान खाली. मला वाटलं, जिंकले. मोठ्या साहेबांनी वही मिटली आणि "राहू दे माझ्याकडं" म्हणून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एकटीलाच बोलावलं. समोर इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. मी, कॉम्प्युटर ऑपरेटर, कबूल करते की माझ्या अनवधानानं बाहेरची, परवानगी नसलेली फ्लॉपी मशीनमध्ये वापरली गेली. पुन्हा असं होणार नाही. खाली माझं नाव, आणि सहीला मोकळी जागा.

"हे खोटं आहे, साहेब. तुम्ही वही वाचलीत."

"वाचली. म्हणूनच तुम्हाला सांगतो. ग्राहकाला लेखी उत्तर द्यावं लागतं, त्यात कुणाचं तरी नाव लागतं. ते जुने आहेत, खातेप्रमुख आहेत, घरात मुलीचं लग्न ठरतंय. तुम्ही सही करा. पुढच्या महिन्यात पर्मनंटचं पत्र देतो. विषय संपला."

"आणि नाही केली तर?"

"प्रोबेशन संपतंयच तुमचं," ते म्हणाले, आणि अगदी सभ्यपणे म्हणाले.

मी तो कागद घरी आणला. वाटलं, दादा बघतील आणि फाडून टाकतील. माझा सगळा भरवसा त्यावर होता. मी त्यांना कागद मराठीत वाचून दाखवला. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "खरं हाय का हे?"

"नाय."

"साहेबाला ठावं हाय, खरं नाय म्हून?"

"सगळं ठाऊक आहे."

ते मोडलेलं मनगट चोळत बसले. मग म्हणाले, "सही कर, पोरी."

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. मी त्यांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी हाडं मोडून घेतलीत, जेलात बसलात, आणि स्वतःच्या लेकीच्या नावाला कुणी चिखल फासला तर म्हणता सही कर. लाज नाही वाटत का. मायनं मला गप्प बस म्हणून खूण केली, मी तिलाही झिडकारलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्या भांडलो तव्हा माझ्यापाशी जाण्यासारखं काय व्हतं? काहीच नव्हतं. तुझ्यापाशी हाय. एक डाव पर्मनंट हो, मंग लई भांडायला येतंय," ते म्हणाले.

मी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मोठ्या साहेबांच्याच पेननं. साहेब दुपारी केबिनमध्ये आले आणि मुलीचं जमलं म्हणून माझ्या टेबलावर पेढा ठेवून गेले. तो मी कचऱ्याच्या टोपलीत टाकला. एवढाच काय तो माझा पराक्रम.

महिन्यानं पत्र आलं. पर्मनंटचं नव्हतं. झालेला प्रकार लक्षात घेता प्रोबेशन आणखी सहा महिने वाढवण्यात येत आहे, असं होतं. मी मोठ्या साहेबांकडं गेले. ते म्हणाले, "असा कागद फाइलला असताना लगेच कसं करता येईल? थोडा धीर धरा." ज्यांनी त्या कागदावर माझी सही घेतली तेच मला तो कागद फाइलला असल्याचं सांगत होते. मी दादांना पत्र दाखवलं. त्यांनी 'पर्मनंट' शब्द कुठं आहे विचारलं. मी म्हटलं, या वेळी नाही. त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.

त्याच हिवाळ्यात संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. अर्धंमुर्धं मिळालं, जुन्या नावाला जोडून मिळालं, पण मिळालं. वस्तीत लोक रस्त्यावर आले. दादा रडले. मी त्यांना आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा रडताना बघितलं, आणि त्या दिवशी त्यांच्यावरचा माझा राग बराचसा उतरला. कंपनीत चहाच्या वेळी साहेब मला म्हणाले, "झालं ना तुमच्या मनासारखं? आता तरी नीट काम करा." चारजण हसले. मी नवी वही उघडून आकडे तपासत बसले.

हो, नवी वही घातली होती. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा शेवटच्या आकड्यापर्यंत. मला आता एक दिवसही चुकायचं नव्हतं. सहा महिन्यांतले चार गेले होते. उन्हाळा लागला, लगीनसराई आली, आणि साहेबांच्या भावाच्या मुलीचं बघायला सुरुवात झाली. एका सोमवारी वहीतल्या सात ओळी चुकल्या आणि पत्रिका हे नाव पुन्हा शेवटी येऊन बसलं. मी चिठ्ठी साहेबांना दिलीच नाही, सरळ मोठ्या साहेबांकडं गेले. ते मुंबईला होते. बुधवारी परत आले, तोवर मशीन बसलं होतं.

या वेळी फिनेल नाही, कापूर नाही, आणि चौकशीही नाही. माझी फाइल उघडली, त्यातून तो कागद निघाला. पर्सोनेलच्या अधिकाऱ्यानं तो चारचौघांत वाचला आणि म्हणाला, "यांनी आधीही लेखी कबूल केलंय. म्हणजे ही सवयच आहे." मी नवी वही पुढं केली. कुणी उघडली नाही. मी मोठ्या साहेबांना म्हटलं, जुनी वही काढा, तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, तुम्ही स्वतः वाचलीय.

"कुठली वही?" ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. पापणीसुद्धा हलली नाही त्यांची. साहेब शेजारीच बसले होते, खिशातलं मायक्रोमीटर काढून पुसत. सेवा समाप्तीचं पत्र टाइप होऊन तयारच होतं. शुक्रवारी येऊन किल्ल्या द्या आणि सर्टिफिकिटं घेऊन जा, असं सांगितलं.

घरी मी पत्र वाचून दाखवलं. त्यात तो कागदही आला होता, तारखेसकट, माझ्या सहीसकट. दादांनी तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग ते ताटावरून उठले. मी त्यांना अडवलं नाही. मनात म्हटलं, बघा, हीच ती तुमची सही.

शुक्रवारी मी उठले तेव्हा ते घरात नव्हते. मायला विचारलं तर म्हणाली, अंधारातच गेले, पांढरी कापडं घालून. वाळूजला बसमधून उतरले आणि लांबूनच दिसले ते. कंपनीच्या गेटासमोर उभे, मोर्च्याला जायचा सदरा, डोक्यावर काही नाही. ऊन चांगलंच तापलं होतं. वॉचमन मला म्हणाला, "ताई, ह्यांना घरला जायला सांगा बरं. पयल्या पाळीपासनं हुभे हायेत. पास नाय, मी आत कसं सोडू?"

मी चिडूनच गेले त्यांच्याकडं. "दादा, इथं कशाला आलात? तमाशा करायला?"

"साहेबाला भेटायचंय."

"भेटून काय सांगणार?"

"ती सही तुझी नव्हं म्हून सांगतो. तू करत नव्हतीस, म्या करायला लावली. माझी हाय म्हून लिहून घ्या म्हणतो, आन् तुझी खोडा." त्यांनी खिशातून एक पेन काढून दाखवलं. कुठून आणलं होतं कुणास ठाऊक. "मला येती सही. जेलात शिकलोय."

मी त्यांचा हात धरून ओढला, म्हटलं, चला घरी, काही उपयोग नाही. तेवढ्यात मोठ्या साहेबांची गाडी आली. दादा पुढं झाले, पेनाचा हात वर केला. गाडी थांबली नाही. काच वर होती. गेट उघडलं आणि गाडीच्या मागं लगेच लागलं.

मी म्हटलं, "बघितलंत? आता चला."

ते रस्त्याच्या कडेला सरकून लिंबाच्या सावलीत उभे राहिले आणि गेटाकडं बघत म्हणाले, "सांजच्याला येईल की भाईर. थांबतो मी."